टर्मिनलचा सातबारा

रत्नागिरीत घरातला संगणक कशाने मरतो, या प्रश्नाची तीन उत्तरे सर्वमान्य आहेत: खारा वारा, वळवाची वीज आणि मे महिन्यात मुंबईहून आलेली नातवंडे. तिन्हींत तथ्य आहे. मांडवीकडून येणारी हवा खिडकीचे गज खाते, तिथे मदरबोर्डावरच्या तांब्याच्या रेघांची काय कथा. तरीही या तिन्ही आरोपींना संशयाचा फायदा द्यावा असे मला वाटते. कारण माळ्यावर गेलेला जुना संगणक पुष्कळदा जाताना धडधाकट असतो. पंखा फिरत असतो, पडदा उजळत असतो, कळफलकावरची अक्षरे पुसली गेली तरी बोटांना पाठ असतात. फक्त एके दिवशी पडद्यावर एक करडी चौकट येते. तिच्यात लिहिलेले असते की अमुक नावाची डीएलएल फाइल सापडत नाही, आणि खाली ‘ओके’ असे एकच बटण असते. काहीही ओके नसताना दाबायचे जगातले हे एकमेव बटण असावे. ते दाबले की चौकट जाते, प्रोग्रॅमही जातो, आणि घरातले ज्येष्ठ निकाल देतात की संगणक जुना झाला. माझे म्हणणे असे की हा निकाल चुकीच्या कागदपत्रांवर दिलेला आहे. संगणक वयाने गेलेला नसतो. त्याच्यावरच्या सॉफ्टवेअरमध्ये ज्यांचा हिस्सा होता आणि ज्यांची नावे कुणी कधी वाचली नव्हती, त्यांच्यापैकी एक जण घर सोडून गेलेला असतो.

हे तपासायचे तर उदाहरण साधे हवे, म्हणून मी टर्मिनल घेतो. टर्मिनल म्हणजे ती काळी खिडकी आणि तिच्यात लुकलुकणारा चौकोन. चित्रपटात ही खिडकी दिसली की बँक लुटली जाणार हे प्रेक्षकांना कळते. प्रत्यक्षात तिच्यासमोर इंजिनीअरिंगचा विद्यार्थी किंवा पुण्याच्या कंपनीचे काम घरून करणारी मुलगी बसलेली असते आणि दूरच्या सर्व्हरला ‘तुझ्याकडे कोणत्या फायली आहेत’ एवढेच विचारत असते. या प्रोग्रॅमचे काम इतके किरकोळ की सांगताना लाज वाटावी. इथे दाबलेले अक्षर तिकडे पाठवायचे, तिकडून आलेले अक्षर इथे दाखवायचे. चित्र नाही, आवाज नाही, जाहिरात नाही. शिवाय यातले बहुतेक प्रोग्रॅम फुकट. विनामूल्य आणि निरुपद्रवी असे काही वीस वर्षांच्या संगणकावर सुखाने चालायचे, तर ते हेच. हे सुद्धा चालत नसेल तर मग दोष अवजड खेळांना आणि फोटो सजवणाऱ्या प्रोग्रॅमांना देऊन भागणार नाही.

ते का चालत नाही हे रत्नागिरीकराला समजावणे सोपे आहे, कारण त्याने सातबारा पाहिलेला असतो. घर समोर दिसते, अंगण दिसते, हापूसची पाच कलमे दिसतात, आणि राहणारा माणूस एकच. पण उतारा काढला की त्यावर तेवीस नावे निघतात. त्यातले काही मयत, काही बोरिवलीला, एक जण पूर्वीच बडोद्याला गेला तो गेला, आणि दोघींची नावे लग्नाआधीची. कलमाची एक फांदी तोडायला कुणाची परवानगी लागत नाही, पण विकायची वेळ आली की या सगळ्यांच्या सह्या लागतात. सॉफ्टवेअरचे नेमके असेच असते. प्रोग्रॅमच्या चिन्हाखाली नाव एकाचे असते, पण आत सांकेतिक भाषेचे काम एकाकडून घेतलेले, दाबून लहान केलेल्या फायली उलगडण्याचे दुसऱ्याकडून, खिडकी रंगवण्याचे तिसऱ्याकडून. या उसन्या भागांना लायब्ररी म्हणतात. लिनक्सवर ‘एलडीडी’ नावाची एक आज्ञा आहे. ती एखाद्या प्रोग्रॅमवर चालवली की त्याच्या सगळ्या हिस्सेदारांची यादी पडद्यावर येते, आणि जो सापडत नाही त्याच्यापुढे ‘नॉट फाउंड’ असे छापून येते. तलाठ्याचे दप्तर इतक्या झटपट उघडत नाही. विंडोजसाठी ‘डिपेंडन्सी वॉकर’ नावाचा असाच फुकट प्रोग्रॅम होता. त्याची वाढ विंडोज व्हिस्टाच्या सुमारास थांबली, आणि आजच्या विंडोजवर तो अस्तित्वात नसलेले हिस्सेदारही बेपत्ता म्हणून दाखवतो. म्हणजे वारसांची नोंद ठेवणाराच बेवारस.

हे सगळे इंटरनेटच्या अलीकडच्या गुंतागुंतीमुळे झाले असे कुणाला वाटेल, तर ते खरे नाही. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगममार्फत, आणि तेही आधी मोजक्या महानगरांत. रत्नागिरीहून तो नंबर फिरवायचा म्हणजे एसटीडी, म्हणून रात्री उशिराच्या पाव दराची वाट पाहणे आले. स्वस्तातले खाते घेतले तर ते ‘शेल’ खाते असे, म्हणजे नुसते टर्मिनल. त्यात चित्रांच्या जागी कंसात ‘चित्र’ असे लिहून येई आणि वाचकाने कल्पनाशक्ती वापरायची. महागडे खाते घेतले तर आणखी मौज. त्या वेळच्या घरगुती विंडोज ३.१ ला इंटरनेटची भाषा मुळात येतच नव्हती. ती शिकवणारी ‘विनसॉक’ नावाची फाइल बाहेरून आणावी लागे, आणि जगभरातल्या असंख्य घरांत ती आली टास्मानियातून. ऑस्ट्रेलियाच्याही खाली असलेल्या त्या बेटावर पीटर टॅटम या विद्यापीठातल्या माणसाने ‘ट्रम्पेट विनसॉक’ लिहिले, किंमत ठेवली २५ डॉलर, आणि पैसे पाठवणे वापरणाऱ्याच्या सदसद्विवेकबुद्धीवर सोडले. सदसद्विवेकबुद्धीने मान हलवली आणि झोपली. मासिकांनी त्याची फाइल चकत्यांवर फुकट वाटली आणि बहुतेकांनी त्याला छदाम दिला नाही. शेवटी २०११ मध्ये काही जणांना शरम वाटून त्यांनी त्याच्यासाठी वर्गणी काढली. टॅटमच्या फाइलीवर त्या काळातली पुष्कळ फुकट टर्मिनले उभी होती. जपानच्या तेरानिशींचे ‘टेरा टर्म’ घ्या. दूरच्या यंत्राशी बोलायला त्याला विनसॉक लागे. पुढे १९९८ च्या सुमारास रॉबर्ट ओ’कॅलहन यांनी त्याला गुप्त संभाषणाची जोड दिली, तर ती चालायला आणखी एक डीएलएल हवी, आणि तिच्या नावात मूळ मालक एरिक यंग यांची आद्याक्षरे. पैसे देऊन घेतलेल्या विंडोज ९५ मधले ‘हायपरटर्मिनल’ तरी मायक्रोसॉफ्टचे असेल असे वाटते. तेही हिलग्रेव्ह नावाच्या दुसऱ्याच कंपनीचे होते आणि व्हिस्टा येताच घरातून निघून गेले. त्या पिढीच्या संगणकात टर्मिनलपासून विनसॉकपर्यंत सगळीच मंडळी भाडेकरू होती, आणि मालक म्हणून ज्याचे नाव पुढच्या भिंतीवर रंगवलेले होते त्याला त्यातले निम्मे ओळखू येत नव्हते.

मराठी माणसाला हा अनुभव तर दुप्पट आहे, कारण त्याला संगणकाशी बोलायचे असते आणि शिवाय मराठीतही बोलायचे असते. डॉसच्या काळात पडद्यावर देवनागरी दिसावी म्हणून पुण्याच्या सी-डॅकचे ‘जिस्ट’ कार्ड संगणकात खुपसावे लागे. युनिक्सच्या यंत्रांसाठी जिस्टची टर्मिनलेही होती. कार्ड काढले की मराठी गेली. पुढे खासगी फॉन्टांचे राज्य आले, आणि एका छापखान्यातली लग्नपत्रिका दुसऱ्या छापखान्यात उघडली की वधूवरांच्या नावांच्या जागी टिंबे, छत्र्या आणि परदेशी चलनांची चिन्हे दिसत. गोत्र त्याहून कठीण. परदेशात राहूनही मराठीशी नाते ठेवणाऱ्यांनी वेगळी वाट काढली. अविनाश चोपडे यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘आयट्रान्स’ लिहिले. रोमन अक्षरांत टंकलेले भजन आज्ञेच्या एका ओळीने सुबक देवनागरीत छापून देणारा हा प्रोग्रॅम बिनव्यापारी वापरासाठी फुकट होता. आता त्या देवनागरीचा सातबारा पाहा. अक्षरांचे वळण नेदरलँड्समधल्या फ्रान्स वेल्थुइस यांचे, छापण्याची यंत्रणा अमेरिकेतल्या डोनाल्ड क्नूथ यांची. आजही लिनक्सवर मराठी टंकायची सोय पुष्कळदा ‘एम१७एन’ या लायब्ररीतून येते, जिचा पाया जपानी संशोधकांनी घातला, आणि जोडाक्षरे जागच्या जागी बसवण्याचे काम करणारे ‘हार्फबझ’ उभे राहिले ते इराणी वंशाच्या बेहदाद एस्फाबोद यांच्या कष्टांवर. हे हिस्सेदार जागेवर नसतील तर काय होते ते पाहायला साधे टर्मिनल पुरते. तिथे प्रत्येक अक्षराला एकेक चौकोन आखून दिलेला असतो, इंग्रजीच्या मापाचा. त्यात ‘रत्नागिरी’ लिहिले की अर्धा त पाय मोडून उभा राहतो आणि गची पहिली वेलांटी शेजारच्या रीला जाऊन बिलगते. ‘एमएलटर्म’सारखे एखादे टर्मिनल ही पंगत नीट बसवते, पण त्यासाठी ते आणखी दोन-तीन लायब्ऱ्या मागते. मराठी अस्मितेवर भाषण करताना या जपानी, डच आणि इराणी मंडळींचा उल्लेख कुणी करत नाही. तो व्हायला हरकत नाही, व्यासपीठावर हारही कमी पडत नसतात.

आता आजच्या घरातला जुना संगणक घेऊ. त्यावर विंडोज एक्सपी आहे, त्याची मुदत ८ एप्रिल २०१४ रोजी संपली, पण संगणकाला कुणी सांगितलेले नाही. त्यावर नवे फुकट टर्मिनल उतरवले तर ते उघडताच सांगते की अमुक एक सोय या विंडोजमध्ये नाही. ती सोय बरेचदा किती क्षुल्लक असते! उदाहरणार्थ ‘गेटटिककाउंट६४’. संगणक चालू होऊन किती वेळ झाला हे विचारण्याची ही नवी पद्धत, व्हिस्टापासून आलेली. एक्सपीतली जुनी पद्धत सुमारे ४९.७ दिवसांनी मोजणे विसरून शून्यावर येते, म्हणून नवी काढली. जिथे पावसाळ्यात सलग एकोणपन्नास तास वीज राहिली तर शेजारी एकमेकांना फोन करून खात्री करतात, तिथल्या संगणकाला या कारणासाठी बाद ठरवले जाते. गंमत म्हणजे टर्मिनल लिहिणाऱ्याने ही सोय मागितलेलीच नसते. त्याने वापरलेल्या लायब्ररीने किंवा ज्या साधनाने प्रोग्रॅम बांधला त्या साधनाने परस्पर मागितलेली असते. बरे, हवी ती जुनी लायब्ररी शोधून आणावी म्हटले तर तिथेही अडवणूक. संकेतस्थळे आता नव्या सांकेतिक भाषेशिवाय दार उघडत नाहीत. ती भाषा शिकवणारी फाइल त्याच दाराच्या आत ठेवलेली असते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी तर एक मूळ प्रमाणपत्र मुदत संपून बाद झाले, आणि ज्या जुन्या यंत्रांना नवे मूळ माहीत नव्हते त्यांना असंख्य संकेतस्थळे रातोरात संशयास्पद वाटू लागली. त्याच आठवड्यात सर्व्हरवर बसून टर्मिनलला आत घेणाऱ्या ओपनएसएसएच या प्रोग्रॅमने एक जुनी सही स्वीकारणे बंद केले. म्हणजे इकडे काहीही न हलवता, काहीही न बिघडवता, समोरच्या टोकाने ओळख दाखवणे थांबवले.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: नवा संगणक घ्या. आक्षेप घेणारा बहुधा पुण्याचा असतो. त्याला उत्तर असे की नवा घेतल्याने सातबारा कोरा होत नाही, फक्त नावे बदलतात. ज्यांनी २०१५ च्या सुमारास नवे घेऊन विंडोज १० बसवले, त्यांची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, आणि विंडोज ११ त्यातल्या पुष्कळ यंत्रांना आत घेत नाही, कारण त्यांच्याकडे विशिष्ट सुरक्षा चिप नाही किंवा प्रोसेसर यादीत नाही. मग लिनक्स घ्या, तो जुन्यांचा कैवारी, असे सांगितले जाते. बरेच अंशी ते खरे आहे. पण ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ या लिनक्सने ३२ बिटी पीसींसाठी स्वतंत्र स्थापना देणे थांबवले. कैवारीसुद्धा शेवटी माणसेच, तपासायला कुणाकडे ते यंत्र तरी उरायला हवे. शिवाय जुन्या संगणकाच्या पाठीमागे नऊ पिनांचे सिरियल पोर्ट असते, आणि ज्याला वजनकाट्याशी किंवा नेटवर्कच्या डब्याशी थेट बोलायचे आहे त्याला ते सोन्यासारखे असते. नव्या लॅपटॉपला ते नसते. त्यासाठी तार घ्यावी लागते, आणि त्या तारेला स्वतःचा ड्रायव्हर लागतो, तो पुन्हा तिसऱ्याचा.

दुसरा आक्षेप अधिक बुद्धिमान आहे आणि त्याला जास्त वेळ द्यायला हवा. तो असा: एवढी कटकट असेल तर सगळे स्वतःच लिहा, कुणाची सही नको. असे करणारा एक खरोखर आहे. ‘पुटी’ हे फुकट टर्मिनल केंब्रिजच्या सायमन टॅथम यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस लोकांपुढे आणले. टास्मानियाचे टॅटम वेगळे, हे टॅथम वेगळे, या नामसाधर्म्यावर एखादा फेरफार सहज चुकला असता. पुटीची एकच फाइल असते, ती पेनड्राइव्हवर टाकावी आणि कुठेही उघडावी. सांकेतिक भाषेचे गणितसुद्धा आतच लिहिलेले, त्यासाठी सगळे वापरतात त्या ओपनएसएसएल लायब्ररीची गरज नाही. माझ्या मते जुन्या घरगुती संगणकाला मिळालेली ही सर्वांत सभ्य वागणूक. पण एप्रिल २०२४ मध्ये जर्मनीतल्या बोखुम विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवले की पुटीच्या ०.६८ ते ०.८० या आवृत्त्यांत एका विशिष्ट प्रकारच्या किल्लीने सही करताना चूक होते. प्रत्येक सहीला ५२१ बिटांचा एक नवा गुप्त आकडा लागतो. पुटी तो ५१२ बिटी यंत्रणेतून काढत असे, म्हणून वरचे नऊ बिट कायम शून्य. साठेक सह्या हाती आल्या की चोराला मूळ किल्ली बनवता येई. आता ही यंत्रणा आली कुठून? जुन्या विंडोजमध्ये भरवशाचा यादृच्छिक आकडा मिळण्याची सोय नव्हती, म्हणून टॅथम यांनी तो गणिताने काढण्याची स्वतःची युक्ती केली होती. जुन्या घरगुती संगणकावरची माया दोन दशकांनी अंगाशी आली ती अशी. आक्षेपक म्हणेल, पाहा, स्वतः लिहिण्याचा हा परिणाम, चार डोळ्यांनी तपासलेली लायब्ररी वापरली असती तर! मान्य. पण पुढचा भाग पाहा. त्याच चुकीमुळे फाइलझिला, विनएससीपी आणि टॉर्टॉइसगिट या दुसऱ्या प्रोग्रॅमांनाही घाईघाईने नव्या आवृत्त्या काढाव्या लागल्या. कारण त्यांनी पुटीचे काम उचलून आपल्यात घेतले होते. जो कुणाचा हिस्सेदार व्हायला तयार नव्हता, तो न विचारता चार घरांच्या उताऱ्यावर चढला होता.

आणि त्या चार डोळ्यांच्या लायब्ररीचे काय? ओपनएसएसएलमधले ‘हार्टब्लीड’ नावाचे भोक ७ एप्रिल २०१४ रोजी जाहीर झाले, एक्सपीची मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे त्या आठवड्यात संगणकवाल्यांना झोप दुर्मीळ होती. जगातल्या बँका, टपाल आणि दुकाने जिच्यावर विसंबून होती त्या लायब्ररीला वर्षाला देणग्या मिळत सुमारे २००० डॉलर आणि पूर्णवेळ माणूस जेमतेम एक. एवढ्यात डोळे दोनच भरतात. त्याहून मासलेवाईक गोष्ट २०२४ च्या मार्चमधली. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आले की दूरच्या यंत्रात शिरायला अर्धा सेकंद जास्त लागतोय. सरकारी कार्यालयात अर्धा दिवस जास्त लागला तरी कुणी चौकशी करत नाही, पण या गृहस्थाने केली. निघाले असे की फायली दाबण्याच्या ‘एक्सझेड’ या लायब्ररीत ‘जिया टॅन’ असे नाव लावणाऱ्या कुणीतरी, दोन वर्षे मदतनीस म्हणून विश्वास कमावून, चोरदार बसवले होते. खरी मौज पुढे आहे. ज्या ओपनएसएसएचमध्ये शिरण्यासाठी हे दार होते, ते एक्सझेड वापरतच नाही! काही लिनक्स संचांनी ‘मी सुरू झालो’ एवढा एक निरोप पाठवता यावा म्हणून त्याला एक लायब्ररी जोडली होती, आणि त्या लायब्ररीने येताना एक्सझेडला बरोबर आणले होते. हा झाला हिस्सेदाराचा मेहुणा. पुढे ओपनएसएसएचने तो निरोप पाठवण्याचे काम स्वतःच थोड्या ओळींत लिहून टाकले. तिथेच माझे उत्तर आहे. सांकेतिक गणितासारखे कठीण काम असेल तर हिस्सेदार घ्यावा, नाव ठळक लिहावे, त्याच्या दिवाळीची चौकशी करावी. ‘मी आलो’ एवढे सांगण्यासाठी हिस्सेदार घेऊ नये. जुन्या मॅकवर चालणारे ‘एसएसहेवन’ नावाचे छोटे फुकट टर्मिनल ही मर्यादा छान पाळते. सिस्टिम ७ च्या यंत्राला आजच्या सर्व्हरशी बोलते करायला ते मोजक्याच लायब्ऱ्या घेते, त्या आपल्यातच शिजवून टाकते, आणि नावे उघड सांगते. किल्ल्यांची देवाणघेवाण होईतो त्या यंत्रावर चहा होतो ही गोष्ट वेगळी.

शेवटचा आक्षेप तोंडावर फेकायचा असतो: फुकटचे वापरता आणि वर बोलता? मला हा पटत नाही, कारण तक्रार फुकटपणाची नाहीच. पैसे घेणाऱ्यांनी याहून वाईट वागवले आहे, त्यांचा उतारा तर पाहायलाही मिळत नाही. फुकट आणि खुल्या सॉफ्टवेअरचे मोठे उपकार हेच की त्याचे दप्तर उघडे असते. वापरणारा ते उघडत नाही, इतकाच त्याचा दोष. जुना संगणक टिकवायचा तर करायच्या गोष्टीही कंटाळवाण्या आहेत. चालणाऱ्या आवृत्तीची मूळ फाइल तिच्या लायब्ऱ्यांसह जपून ठेवा, एकाच फाइलीत सगळे असलेला प्रोग्रॅम मिळाला तर तो निवडा, आणि असे यंत्र उघड्या इंटरनेटवर मोकळे सोडू नका, घरातल्या तारेपुरते ठेवा. नवी आवृत्ती आली की तिने काय नवे दिले हे वाचतात त्याआधी तिने नवे कोण आणले हे वाचावे. पुटीत ‘अबाउट’ दाबून परवाना पाहण्याचे बटण आहे, ते दाबणारा माणूस विरळा. तिथे टॅथम यांच्या नावाखाली ज्यांच्या कामाचा अंश आत आहे अशांची भली मोठी यादी आहे आणि शेवटी एक कंपनी. त्यात मार्कुस कून हेही आहेत, पडद्यावर कोणत्या अक्षराला किती चौकोन द्यायचे याचा हिशेब मांडणारे, म्हणजे आपल्या वेलांटीच्या वादातले थेट पक्षकार. इतकी नावे, इतके देश, मालमत्तेची किंमत शून्य रुपये, आणि कुणीही कुणावर वाटणीचा दावा लावलेला ऐकिवात नाही. रत्नागिरीच्या दिवाणी न्यायालयाच्या आवारात हे वाचून दाखवले तर वकील मंडळी आधी हसतील, आणि मग उताऱ्याची नक्कल खरी आहे ना, हे विचारतील.